हँडल कोण फिरवतं

ट्रेनिंगमधला सातवा रविवार.
रबाळ्याच्या कंपनीनं मला जपानला धाडलेलं,
पंपांची सील तपासायला शिकून ये म्हणून.
कुरिबायाशीबाई म्हणाल्या, चल,
कुणीच न बसवलेला पंप दाखवते.

डोंगरात लाकडी छपराखाली विहीर,
एवढीशी, तुळशीवृंदावनाच्या घेराची.
काठ गंजून तांबडा.
पाणी बर्फासारखं थंड आणि तरी उकळतंय :
तळातून बुडबुडे, एकामागे एक,
घाई नाही, खंड नाही.
बोट बुडवलं तर बोटाला बारीक मणी लगडले,
झटकले, पुन्हा लगडले.

साखळीला बांधलेली पत्र्याची पळी.
प्यायले.
आधी जिभेला चिमटा,
मागून लोखंड,
आणि मग, काही संबंध नसताना,
चेंदणीतली आमची पडवी.

हरेश्वर नाखवा, गोटी सोडावाले,
चेंदणी कोळीवाडा, ठाणे.
माझा बाप.
एकतीस वर्षं त्यानं पाण्यात गॅस भरला.
तोंडावर तारेची जाळी, हाताला गोणपाट,
बाटल्या उलट्या करून फिरवायचा
गोटी गळ्याशी येऊन घट्ट बसेपर्यंत.
एक फुटली. डाव्या भुवईत तिची कणी अजून आहे,
आई म्हणते काढून घ्या,
तो म्हणतो, राहू दे, माझ्याच मालाची आहे.
धंदा बसला. मशीनवर आता
सुक्या बोंबलांची टोपली असते.

त्या झऱ्याची एक बाटली मी आणली
मोज्यात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध.
घरी उघडली तर आवाजच नाही.
पाण्यातला जीव विमानातच गेला होता,
तळाला गेरूसारखा गाळ.

बापानं बाटली खिडकीकडे धरली.
हलवली. कानाला लावली.
"हँडल कोण फिरवतं तिकडं?"
कोणी नाय, बाबा. आपोआप येतं.
"आपोआप,"
वीजबिल दुप्पट आल्यावर
मीटरवाल्याशी बोलतो त्या आवाजात.
"शिलिंडर?"
नाय.
"मंग खाली कुठंतरी गळतंय गो.
बघायला सांग त्यांना."

एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
खिळा चोखल्यासारखं, म्हणाला,
आणि झाकण मात्र नीट लावून ठेवलं.

रात्री दोनच्या सुमारास
बोंबलांची टोपली सरकल्याचा आवाज.
मग एक कुरकुर, जी मला पाळण्यापासून पाठ आहे.
सिलिंडर रिकामा आहे
असं आठ वर्षं सांगत होता आम्हाला.
मी उठले नाही.
पंपांची परीक्षा पास झालेली मी,
अंथरुणात पडून मोजत होते फेरे :
एकोणीस, वीस, थोडा दम, एकवीस.

सकाळी ओट्यावर हिरवी बाटली,
आत गढूळ तांबूस पाणी,
गळ्याशी गोटी, ताठ.
बापानं अंगठा ठेवला
आणि दाबला.

फट्ट !

समोरच्या ओटीवर जाळं शिवत बसलेले मोतीरामकाका
मान वर न करता ओरडले,
"हऱ्या, मला लिंबू जास्त !"
शेजारचा वेद धावत आला, काय फुटलं विचारत.
त्यानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

एक बाटली, चार पेले.
लिंबू, मीठ, कुठल्याशा डोंगराचं लोखंड.
कुरिबायाशीबाईंनी पळी दोन्ही हातांत धरून
डोळे मिटले होते, तसं इथं कुणी केलं नाही.
काका म्हणाले, जुनं पानी वापरलंस काय रं.
बाप काही बोलला नाही,
भुवई खाजवली
आणि एक लांबलचक ढेकर दिला,
तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असा.

पेल्यांना आत तांबडी कडा बसली आहे.
आईनं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं.
एकाची निघाली.
तिघांची नाही.